पित्त, गॅस आणि कावीळ: घरी काय पाहावे आणि दवाखाना केव्हा गाठावा

आपल्या घरांत पोटाच्या बहुतेक तक्रारींसाठी दोनच शब्द हाताशी असतात. छातीत जळजळले, डोके दुखले, मळमळले, अंगावर गांध्या उठल्या, काहीही झाले तरी ‘पित्त झाले’ असे म्हटले जाते. आणि डोळे पिवळे दिसले की ‘कावीळ झाली’. शब्द उच्चारला की उपायही ठरून जातो. पित्तावर थंड दूध किंवा आवळासुपारी, काविळीवर गावातली माळ. पण अंगावर उठणाऱ्या पित्ताचा पोटातल्या आम्लाशी बहुधा काही संबंध नसतो. ‘पित्त’ म्हणून अंगावर काढलेली छातीतली जळजळ कधी हृदयविकाराचा झटका असते. आणि कावीळ हा स्वतंत्र आजार नसून किमान डझनभर निरनिराळ्या आजारांत दिसणारे एक लक्षण आहे. म्हणून आजाराला नाव देण्याची घाई न करता काय होते आहे, केव्हापासून होते आहे आणि कोणत्या रंगाचे दिसते आहे एवढे नीट पाहायला शिकावे, यासाठी हा लेख लिहिला आहे. नाव ठेवण्याचे काम डॉक्टरांवर सोडावे.

पायरी १: आधी ‘थांबता न येणारे’ वेगळे काढा

कोणतीही पोटाची तक्रार सुरू झाली की पहिला प्रश्न ‘काय खाल्ले होते’ हा नसून ‘हे सकाळपर्यंत थांबवता येईल का’ हा असावा. पुढील गोष्टींपैकी एकही दिसली तर घरगुती उपायात वेळ घालवू नये. वाहनाची सोय नसेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

छातीच्या मध्यभागी किंवा पोटाच्या वरच्या भागात आवळल्यासारखे वा दाबल्यासारखे वाटत असेल, त्याबरोबर घाम, धाप, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ असेल, तर तो गॅस समजू नये. मधुमेही व्यक्तींत, स्त्रियांत आणि वृद्धांत हृदयविकाराचा झटका केवळ मळमळ, ढेकर आणि अस्वस्थपणा अशा रूपातही येतो. सोडा पिऊन ढेकर आला आणि क्षणभर बरे वाटले, एवढ्यावरून हृदय ठीक असल्याचे सिद्ध होत नाही. ईसीजीला पाच-दहा मिनिटे लागतात; तो काढून घ्यावा.

रक्ताची उलटी, किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी काळपट उलटी होणे. डांबरासारखी काळी, चिकट आणि अतिशय घाण वास येणारी शौच होणे. हे जठरातून किंवा लहान आतड्याच्या वरच्या भागातून रक्तस्राव होत असल्याचे लक्षण आहे. (लोहाच्या गोळ्यांनीही शौचाचा रंग काळा-हिरवट होतो, बिटाने लालसर होतो, पण डांबरासारखा चिकटपणा आणि तो वास त्यांत नसतो.) पोट लाकडासारखे कडक होणे आणि हात लावू न देण्याइतके दुखणे. पोट फुगून उलट्या होणे आणि शौच तर नाहीच, वाराही न सरणे. कावीळ असताना थंडी वाजून ताप येणे. कावीळ असलेल्या माणसाने असंबद्ध बोलणे, दिवसा गुंगीत आणि रात्री जागे राहणे, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येणे. गरोदर स्त्रीला कोणत्याही महिन्यात कावीळ दिसणे.

एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते, म्हणून ती वेगळी सांगतो. उंदीर मारण्याच्या पेस्टच्या काही प्रकारांत पिवळा फॉस्फरस असतो. घरात पावावर लावून कोपऱ्यात ठेवलेली ती पेस्ट लहान मुलाने चाटली, तर पहिल्या दिवशी थोड्या उलट्या होऊन मूल पुढचा एखादा दिवस अगदी ठणठणीत दिसू शकते आणि त्यानंतर यकृत बंद पडू लागते. अशा वेळी ‘आता खेळते आहे, बघू उद्या’ असे म्हणू नये. पेस्टचे वेष्टन बरोबर घेऊन त्याच तासाला मोठे रुग्णालय गाठावे.

पायरी २: कॅलेंडरच्या चौकोनात लिहून ठेवा

वरचे काही नसेल तर हातात थोडा वेळ आहे, आणि त्या वेळाचा उत्तम उपयोग म्हणजे नोंद. माझ्या मामांना कावीळ झाली तेव्हा मामींनी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात दररोज एक-दोन शब्द लिहिले होते: ‘ताप नाही’, ‘जेवण अर्धी पोळी’, मग नवव्या दिवशी ‘संडास पांढरट’, अकराव्या दिवशी ‘रात्रभर खाज’. बावीस दिवस माळ आणि पथ्य झाल्यावर ते डॉक्टरांकडे गेले, तेव्हा मामींनी ते कॅलेंडरच गुंडाळी करून पिशवीत घातले होते. डॉक्टरांनी त्या दोन चौकोनांवर बोट ठेवले आणि त्याच दिवशी सोनोग्राफी करायला सांगितली. पित्तनलिकेत खडा अडकला होता. तो दुर्बिणीतून काढावा लागला. नोंद होती, पण ती वाचणाऱ्यापर्यंत तेरा दिवस उशिरा पोहोचली.

नोंदीत पुढील गोष्टी असाव्यात: त्रास कोणत्या तारखेला सुरू झाला, दुखते तेथे एका बोटाने दाखवता येते का, की सगळ्या पोटभर दुखते, जेवणाआधी वाढते की नंतर, रात्री झोपेतून जाग येते का, शौचाला किती वेळा, रंग कोणता, लघवीचा रंग, ताप, आणि वजन. वजनाची नोंद आपण सर्वांत कमी करतो, पण प्रयत्न न करता सहा महिन्यांत ६० किलोचे ५६ झाले, हे वाक्य डॉक्टरांच्या दृष्टीने दहा लक्षणांपेक्षा मोलाचे असते.

पायरी ३: आम्लपित्त, आणि जे आम्लपित्त नसते

जेवणानंतर तास-दोन तासांत छातीत जळजळ, घशाशी आंबट येणे आणि आडवे झाल्यावर ते वाढणे, हे बहुधा जठरातले आम्ल अन्ननलिकेत वर येण्याने होते. त्यावर पहिले उपाय औषधाचे नाहीत. रात्रीचे जेवण आणि झोप यांत तीन तासांचे अंतर ठेवावे. पलंगाच्या डोक्याकडील पायांखाली अर्धा फूट उंचीच्या विटा द्याव्यात (नुसत्या उशा वाढवल्या तर पोट दुमडते आणि त्रास वाढतो). डाव्या कुशीवर झोपावे. पोटाचा घेर वाढला असेल तर तो कमी करावा. तंबाखू आणि गुटखा यांनी अन्ननलिकेच्या तळाची झडप सैल पडते. सकाळी मिश्री लावून उपाशीपोटी दोनदा चहा घेण्याची सवय असेल, तर सुरुवात तेथूनच करावी. उपवासाच्या दिवशी दिवसभर रिकामे पोट आणि संध्याकाळी साबुदाणा वडे व शेंगदाण्याची आमटी, यामुळे ज्यांना दर एकादशीला त्रास होतो त्यांनी दूध, केळे, राजगिऱ्याची लाही असा उपवास करून पाहावा.

डॉक्टरांनी पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल अशा गटातली गोळी दिली असेल तर ती जेवणानंतर किंवा जळजळ सुरू झाल्यावर घेऊन फारसा उपयोग होत नाही. सकाळच्या खाण्याआधी अर्धा ते एक तास घेतली तरच ती पूर्ण काम करते. ही गोळी वर्षानुवर्षे मेडिकलमधून परस्पर आणत राहणे मात्र बरोबर नाही, कारण तिने लक्षण झाकले जाते आणि खालचा आजार तसाच राहतो. फसफसणाऱ्या पावडरींत सोडियम भरपूर असते. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी त्या रोज घेऊ नयेत.

पोटाच्या वरच्या भागातील दुखण्याची दोन कारणे आपल्याकडे फार आढळतात. पहिले म्हणजे वेदनाशामक गोळ्या. गुडघेदुखीसाठी डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या गोळ्या महिनोन्महिने घेणाऱ्या आजी-आजोबांना जठरात व्रण होतो आणि काही वेळा आधी काही न दुखता थेट काळी शौच होते. दुसरे कारण हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू. जठरातील व्रण तिखट आणि काळजी यांमुळे होतात असे पूर्वी मानले जाई. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी त्यामागे हा जिवाणू असल्याचे दाखवले. मार्शल यांनी तर १९८४ मध्ये तो जिवाणू स्वतः पिऊन जठराचा दाह ओढवून घेतला, आणि २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळाले. त्याची तपासणी श्वासावरून, शौचावरून किंवा दुर्बिणीतून होते. श्वासाच्या किंवा शौचाच्या तपासणीआधी सुमारे दोन आठवडे आम्लाची गोळी बंद ठेवावी लागते, नाहीतर जिवाणू असूनही अहवाल ‘नाही’ असा येऊ शकतो. औषधे बहुधा चौदा दिवसांची असतात आणि बरे वाटले म्हणून सहाव्या दिवशी सोडली तर तो परततो.

घास अडकणे (आधी भाकरी, मग भात, मग पाणीही), वजन घटणे, वारंवार उलट्या, रक्तक्षय, किंवा पन्नाशीच्या आसपास आयुष्यात प्रथमच सुरू झालेले आम्लपित्त: यांपैकी काहीही असेल तर गोळ्या बदलत न बसता एण्डोस्कोपीविषयी विचारावे. पुरुषाचे किंवा पाळी गेलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन लोहाच्या कमतरतेने उतरले असेल, तर टॉनिक सुरू करण्याबरोबरच रक्त आतड्यातून कोठे झिरपते आहे का हे पाहायला हवे.

पायरी ४: जुलाब आणि उलट्या

येथे औषधापेक्षा पाणी महत्त्वाचे आहे. ओआरएसच्या ज्या पाकिटावर एक लिटर लिहिले आहे, ते पूर्ण एक लिटर पाण्यातच विरघळवावे. पेलाभर पाण्यात थोडी पावडर अंदाजाने टाकली तर द्रावण जास्त खारट होते आणि लहान बाळाला ते धोकादायक ठरते. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. चमचा सपाट हवा, बोटाने वरचा ढीग सारून टाकावा. द्रावण चोवीस तासांनंतर टाकून द्यावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमचा-चमचा द्यावे. फळांच्या चवीची गोड डबाबंद पेये म्हणजे ओआरएस नव्हे.

मुलांना डॉक्टरांच्या सल्ल्याने चौदा दिवस झिंक द्यावे, स्तनपान थांबवू नये आणि पेज, मऊ भात चालू ठेवावा. जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या मुलांना, आणि ताप किंवा रक्त असेल तर मोठ्यांनाही, परस्पर देऊ नयेत. मूल पाणी पीत नसेल, डोळे खोल गेले असतील, सहा-आठ तास लघवी झाली नसेल, अंग ढिले पडले असेल किंवा शौचातून रक्त जात असेल तर दवाखाना. दोन आठवड्यांहून अधिक चाललेले जुलाब, त्याबरोबर संध्याकाळचा ताप आणि वजन घटणे, यात आतड्याच्या क्षयरोगाचा विचार करावा लागतो. क्षयरोग केवळ छातीत होतो ही समजूत चुकीची आहे.

पायरी ५: दुखते कोठे?

बेंबीभोवती सुरू होऊन काही तासांत उजवीकडे खाली स्थिरावणारे दुखणे, भूक मरणे, थोडा ताप: हे ॲपेंडिक्स असू शकते. अशा वेळी ‘बेंबी सरकली’ म्हणून पोट चोळून घेणे किंवा एरंडेल पाजणे यामुळे सुजलेले ॲपेंडिक्स फुटण्याचा धोका असतो. तुपकट जेवणानंतर उजव्या बरगडीखाली येऊन पाठीत वा उजव्या खांद्यात जाणारी, तास-दोन तास टिकणारी कळ पित्ताशयातल्या खड्यांची असते. पोटाच्या वरच्या भागातून आरपार पाठीत जाणारी, पुढे वाकून बसल्यावर किंचित कमी होणारी भयंकर वेदना स्वादुपिंडाच्या दाहाची असू शकते. तिची दोन मुख्य कारणे म्हणजे मद्य आणि पित्ताचे खडे, आणि तिला दाखल व्हावेच लागते. उलट, दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले आणि त्यांनी कधीच त्रास दिला नसेल, तर घाईने शस्त्रक्रिया करण्याचे बहुतेकांना कारण नसते.

शौचातून रक्त गेले की आपण स्वतःच ‘मूळव्याध’ म्हणतो. तरुण, बद्धकोष्ठ असलेल्या माणसात ते बहुधा खरेही असते. पण चाळिशीनंतर प्रथमच रक्त दिसले, शौचाची वेळ किंवा आकार बदलला, पोट साफ न झाल्याची भावना सतत राहू लागली, तर पाटी पाहून गल्लीतल्या ‘गॅरंटी’च्या दवाखान्यात जाऊ नये. मोठ्या आतड्याचा कर्करोग वेळेत सापडला तर बरा होतो आणि त्यासाठी कोलोनोस्कोपी लागते. वर्षानुवर्षे पोट फुगणे, ताण आला की शौचाला पळावे लागणे, शौचानंतर दुखणे थांबणे, वजन स्थिर आणि रक्त नाही, असे चित्र असेल तर ते आतड्याच्या संवेदनशीलतेचे असते. ते त्रासदायक असले तरी धोक्याचे नसते.

पायरी ६: डोळे पिवळे दिसले तर

आधी खात्री करावी. ट्यूबलाइटखाली किंवा पिवळ्या बल्बखाली कावीळ ठरवू नये. सकाळी खिडकीशी उजेडात बसवून खालची पापणी हळूच ओढावी, वर पाहायला सांगावे आणि बुबुळाच्या खालचा पांढरा भाग पाहावा. रक्तातले बिलिरुबिन साधारण १.२ मिलिग्रॅमपर्यंत असते. ते अडीच-तीनच्या पुढे गेले की डोळ्यांत पिवळेपणा दिसू लागतो. लघवी स्वच्छ काचेच्या बाटलीत घेऊन पाहावी: मोहरीच्या तेलासारखी गडद असेल, हलवल्यावर फेसही पिवळा दिसत असेल तर कावीळ बहुधा खरी. केवळ लघवी पिवळी असणे म्हणजे कावीळ नव्हे. कमी पाणी पिणे किंवा बी-कॉम्प्लेक्सची गोळी यांनीही ती पिवळी होते, आणि क्षयरोगाच्या रिफॅम्पिसिनने ती केशरी होते. मात्र क्षयरोगाची औषधे चालू असताना डोळे पिवळे होणे, सतत उलट्या आणि अन्नावरची वासना उडणे हे त्याच दिवशी कळवण्यासारखे आहे, कारण त्या औषधांनी यकृताला इजा होऊ शकते.

मग शौचाचा रंग पाहावा, आणि काविळीत कोणी सहसा पाहत नाही असा हाच प्रश्न निर्णायक असतो. लघवी गडद पण शौच नेहमीच्या रंगाची असेल तर यकृताच्या पेशींचा दाह असण्याची शक्यता अधिक. लघवी गडद, शौच मातीसारखी पांढुरकी आणि अंगाला खाज असेल तर पित्ताची वाट अडलेली आहे: खड्याने, किंवा उतारवयात न दुखता आलेल्या काविळीत स्वादुपिंडाच्या वा पित्तनलिकेच्या गाठीने. ही कावीळ कोणत्याही पथ्याने उतरत नाही. आणि याच अडथळ्यात थंडी-ताप आला की नलिकेत पू झालेला असतो. तेव्हा तासही महत्त्वाचा असतो.

कडक उपवासांत, विशेषतः नवरात्रात, काही निरोगी माणसांचे डोळे किंचित पिवळे होतात आणि उपवास सुटल्यावर निवळतात. गिल्बर्ट नावाची ही जन्मजात ठेवण निरुपद्रवी आहे. पण ती आहे हे रक्ततपासणीने एकदा ठरवून घ्यावे.

आता माळेविषयी मोकळेपणाने लिहितो, कारण माळ घालणाऱ्यांची खिल्ली उडवून कोणाचेच भले होत नाही. दूषित अन्न-पाण्यातून येणारी ‘अ’ आणि ‘ई’ प्रकारची कावीळ बहुतेक निरोगी माणसांत चार-सहा आठवड्यांत आपोआप बरी होते. त्या काळात माळ घातली तर श्रेय माळेला मिळते. ओल्या काड्यांची ती माळ सुकते, काड्या आकसतात, दोरा मोकळा होतो आणि माळ डोक्यावरून बेंबीपर्यंत लांब होत जाते. चुन्याच्या निवळीत हात धुतल्यावर पिवळे पाणी ‘उतरते’, त्यामागे हाताला आधी लावलेला झाडाच्या सालीचा रस असतो. तो चुन्याशी मिसळला की पिवळा होतो आणि निरोगी माणसाच्या हातांवरही तेच घडते. एवढ्यावर थांबले तर नुकसान वेळेचे होते. पण नाकात देवडांगरीचा रस सोडणे, मनगटावर डाग देणे, अनोळखी मुळ्या दुधात वाटून पाजणे यांनी प्रत्यक्ष इजा होते. माळेवर श्रद्धा असेल तर घरातल्या वडीलधाऱ्यांशी वाद न घालता माळ गळ्यात राहू द्यावी, पण त्याच दिवशी रक्त तपासावे. तपासण्या अशा: बिलिरुबिन, एसजीपीटी आणि एसजीओटी (यकृताच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारी विकरे), अल्कलाइन फॉस्फेटेज, रक्त गोठण्याचा आयएनआर, ‘अ’, ‘ई’, ‘ब’, ‘क’ या विषाणूंच्या चाचण्या आणि सोनोग्राफी. एसजीपीटी हजाराच्या पुढे गेला म्हणून घाबरून जाण्यापेक्षा आयएनआर वाढतो आहे का हे विचारावे. यकृताचे काम बंद पडत असल्याचे तो आधी सांगतो.

पथ्याचा अतिरेक करू नये. हळद, तेल, मीठ सगळे वर्ज्य करून केवळ उसाचा रस आणि मुळ्यावर ठेवलेला रुग्ण अशक्त होतो. रुचेल ते साधे घरचे जेवण थोडे-थोडे आणि अनेकदा द्यावे; वरण-भात, मऊ पोळी, ताक चालते. मद्य पूर्ण बंद. रस्त्यावरच्या उसाच्या रसातला बर्फ कोणत्या पाण्याचा आहे हे आपल्याला ठाऊक नसते, आणि कावीळ तेथूनच आली असेल अशीही शक्यता असते.

‘ई’ प्रकारच्या साथीचा संबंध थेट नळाच्या पाण्याशी असतो. १९५५-५६ मध्ये दिल्लीत सांडपाणी मिसळलेले यमुनेचे पाणी घरोघरी गेले आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. ती ‘ई’ असल्याचे बऱ्याच वर्षांनी कळले. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली होती. गल्लीत दोन-तीन घरांत एकाच वेळी कावीळ दिसली तर आरोग्य केंद्राला आणि पाणीपुरवठा विभागाला कळवावे आणि पाणी खळाळून उकळूनच प्यावे. हा आजार गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत भीषण रूप घेऊ शकतो. त्यात शंभरातल्या वीस-पंचवीस स्त्रियांपर्यंत मृत्यू नोंदले गेले आहेत. म्हणून माहेरी बाळंतपणाला आलेल्या मुलीचे डोळे पिवळे दिसले तर ‘पाचवा-सहावा दिवस पाहू’ असे म्हणू नये.

पावसाळ्यात आणखी एक कावीळ येते: लेप्टो. उंदरांच्या आणि गुरांच्या मूत्राने दूषित पाण्यात चालल्याने हा जिवाणू पायाच्या जखमांतून शिरतो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत आणि भातलावणीच्या दिवसांत कोकणात डॉक्टर त्याचा विचार आधी करतात. जोराचा ताप, पिंढऱ्या हात लावू न देण्याइतक्या दुखणे, डोळे लाल, आणि मग पिवळे, लघवी कमी: अशा वेळी प्रतिजैविक लवकर मिळाले तर जीव वाचतो. पाण्यात गेलो होतो, ही एक गोष्ट डॉक्टरांना न विचारता सांगावी.

पायरी ७: तान्ह्या बाळाची कावीळ

जन्मानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुष्कळ बाळे पिवळी होतात आणि आठवडा-दोन आठवड्यांत निवळतात. परंतु पहिल्या चोवीस तासांत दिसलेली कावीळ, तळपायापर्यंत उतरलेला पिवळेपणा किंवा दूध ओढेनासे झालेले बाळ लगेच दाखवावे. कोवळ्या उन्हात ठेवणे हा काविळीचा उपचार नाही. दवाखान्यातील निळ्या दिव्याखाली ठेवणे हा आहे. चौदा दिवसांनंतरही कावीळ राहिली तर बाळाच्या लंगोटातला रंग रोज पाहावा. पिवळी, हिरवट, तपकिरी शी चालेल; पांढरी किंवा फिकट राखाडी शी म्हणजे पित्तनलिका तयारच न झाल्याची शक्यता. त्यावरची ‘कसाई’ शस्त्रक्रिया (हे ती शोधणाऱ्या जपानी शल्यचिकित्सकाचे नाव) साठ दिवसांच्या आत झाली तर यश मिळण्याची शक्यता बरीच अधिक असते, आणि आपल्याकडे हे दिवस ‘बाळसे धरेल हळूहळू’ म्हणण्यात निघून जातात.

पायरी ८: सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर’ लिहून आले तर

हा शब्द वाचून घाबरू नये आणि विसरूनही जाऊ नये. मधुमेह, पोटाचा घेर, चरबी आणि रक्तदाब यांच्याशी हा आजार जोडलेला आहे. २०२३ मध्ये यकृततज्ज्ञांच्या संघटनांनी त्याचे इंग्रजी नावही त्याच कारणाने बदलले. पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपुढचा घेर आपल्या लोकांसाठी जास्त मानला जातो. सोनोग्राफीतली ‘ग्रेड’ केवळ चरबी दाखवते. यकृतात व्रणाची जाळी पडते आहे का, हा खरा प्रश्न असतो आणि त्याचा पहिला अंदाज साध्या रक्ततपासणीवरून घरीही काढता येतो. वय गुणिले एसजीओटी; त्याला भागिले हजारांतील प्लेटलेट्स गुणिले एसजीपीटीचे वर्गमूळ. समजा वय ४८, एसजीओटी ५२, एसजीपीटी ६४, प्लेटलेट्स २ लाख १० हजार. ४८ गुणिले ५२ म्हणजे २४९६. ६४ चे वर्गमूळ ८, त्याला २१० ने गुणले की १६८०. भागाकार जवळपास १.४९. उत्तर १.३ च्या खाली असते तर निश्चिंत राहून दर दोन-तीन वर्षांनी पाहिले असते; १.३ च्या वर असल्याने फायब्रोस्कॅन (यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी) करून घ्यावे, आणि २.६७ च्या वर गेले असते तर यकृततज्ज्ञांकडे जायलाच हवे होते. पासष्टीनंतर १.३ ऐवजी २ ही मर्यादा धरतात. पस्तिशीआधी हे गणित विश्वसनीय नाही.

‘लिव्हर टॉनिक’ने चरबी जात नाही. शरीराच्या वजनात ५ टक्के घट झाली की यकृतातली चरबी कमी होते, ७ ते १० टक्के घटीने दाहही उतरतो. ८० किलोच्या माणसासाठी हे सहा ते आठ किलो झाले, आणि ते सहा महिन्यांत, उपासमार न करता करायचे आहेत. चहातली साखर, शीतपेये आणि संध्याकाळचा फरसाण येथून सुरुवात केलेली बरी.

पायरी ९: यकृताला इजा करणारी औषधे आणि मद्य

पॅरासिटामॉल प्रौढाने दिवसाला ४ ग्रॅमच्या वर घेऊ नये. यकृताचा आजार किंवा रोजचे मद्य असेल तर डॉक्टर २ ग्रॅमपर्यंतच थांबवतात. सर्दीच्या गोळीत ते असतेच, वर तापाची वेगळी गोळी घेतली की मात्रा दुप्पट होते. वनस्पतीजन्य म्हणजे निर्धोक असेही नाही. करोनाच्या काळात गुळवेलीचा काढा घरोघरी उकळत होता, तेव्हा मुंबईच्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांमधील यकृताच्या इजेचा अहवाल २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षाला आक्षेप घेतला होता. वाद बाजूला ठेवला तरी एवढे पाळावे: डोळे पिवळे झाले तर काढा, भस्म, पुड्या, शरीर कमावण्याची पावडर सगळे थांबवावे आणि त्यांची पाकिटे डॉक्टरांपुढे मांडावीत, लपवू नयेत.

पोटात पाणी होणे, पाय सुजणे आणि हातपाय बारीक होऊन पोट मोठे दिसणे ही यकृत आकसल्याची लक्षणे आहेत. अनेक वर्षे रोज पिणाऱ्या माणसाची दारू घरच्यांनी एका रात्रीत बंद करू नये. दोन-तीन दिवसांत हात थरथरणे, भास, झटके येऊ शकतात. ती दवाखान्याच्या देखरेखीत बंद करावी. आणि मद्य घेणाऱ्या पुरुषाला थंडी-ताप व उजव्या बरगडीखाली दुखणे असेल तर यकृतात अमिबाचे गळू झाले आहे का, ते पाहायला हवे. ते औषधाने चांगले बरे होते.

पायरी १०: तपासणीनंतर

आधी घरचे डॉक्टर किंवा एमडी मेडिसिन. वर सांगितलेल्या धोक्याच्या खुणा असतील तर पोटविकारतज्ज्ञ. जाताना जुने अहवाल तारखेनुसार लावावेत, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाने न्यावीत. २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय विषाणूजन्य यकृतदाह नियंत्रण कार्यक्रमात ‘ब’ आणि ‘क’ ची तपासणी व उपचार ठरावीक सरकारी रुग्णालयांत विनामूल्य आहेत. जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. ‘क’ प्रकार आता बहुधा बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिक जणांत समूळ बरा होतो. पूर्वी रक्त चढवलेल्या, डायलिसिसवर असलेल्या किंवा एकाच सुईने अनेकांना टोचले जाते अशा ठिकाणी इंजेक्शन घेतलेल्यांनी एकदा तपासून घ्यावे.

‘ब’ चा एचबीएसएजी अहवाल ‘पॉझिटिव्ह’ आला तर तो सहा महिन्यांनी पुन्हा करावा. तेव्हाही तसाच असेल तर त्रास नसला तरी दर सहा महिन्यांनी तपासणी चालू ठेवावी लागते. जेवणाचे ताट वेगळे करण्याची गरज नाही, कारण तो एकत्र जेवल्याने पसरत नाही. दाढीचे पाते, नेलकटर आणि टूथब्रश मात्र वेगळे हवेत. पती वा पत्नी, मुले आणि भावंडे यांची तपासणी करून, ज्यांना संसर्ग नाही त्यांना लगेच, एका महिन्याने आणि सहाव्या महिन्यात अशा तीन लशी द्याव्यात. आई गरोदर असून तिला हा संसर्ग असेल, तर प्रसूतीच्या आधीच रुग्णालयाला सांगून ठेवावे, म्हणजे बाळाला पहिली लस आणि प्रतिपिंडांचे इंजेक्शन जन्मल्यावर लगेच, चोवीस तासांच्या आत मिळेल.